बीटल्सच्या मागचा दुकानदार : ब्रायन एपस्टीन

गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या मुलांनी वाद्यवृंद सादर केला. गाणाऱ्यांचे, गिटार वाजवणाऱ्या मुलीचे सर्वांनी कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण माईकवाल्याशी बोलणी करणारा, तालमीला उशिरा येणाऱ्यांना फोन करून बोलावणारा आणि वर्गणीचा हिशेब वहीत लिहून ठेवणारा एक मुलगा पडद्याआड उभा होता. आभार मानताना त्याचे नाव राहूनच गेले. घरी परतल्यावर नातवाने मोबाइलवर बीटल्सचे गाणे लावले आणि मला ब्रायन एपस्टीन आठवला.

मी संगीतातला जाणकार नाही. बँकेत ३४ वर्षे काढली, त्यातली बरीचशी छोट्या व्यापाऱ्यांची कर्जखाती सांभाळण्यात गेली. त्यामुळे बीटल्सची गोष्ट मला गाण्यांच्या बाजूने कमी आणि दुकानाच्या बाजूने जास्त कळते. एपस्टीन हा मुळात दुकानदारच होता.

त्याचा जन्म १९ सप्टेंबर १९३४ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या गावी झाला. आजोबा आयझॅक हे लिथुआनियातून आलेले ज्यू. त्यांनी फर्निचरचे दुकान थाटले, मुलगा हॅरी याने ते वाढवले. शेजारचे वाद्यांचे दुकानही कुटुंबाने घेतले. ‘नॉर्थ एंड म्युझिक स्टोअर्स’ हे त्याचे नाव. लोक आद्याक्षरांवरून त्याला ‘नेम्स’ म्हणत. याच दुकानातून मॅकार्टनी नावाच्या एका साध्या कुटुंबाने पियानो घेतला होता. त्या घरातला पॉल पुढे कोण होणार, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

ब्रायन हा थोरला मुलगा, म्हणजे दुकानाचा वारस. पण शाळा त्याला मानवली नाही. दहाव्या वर्षी एका शाळेने काढून टाकले, मग एकामागून एक शाळा बदलत गेल्या. त्याला कपड्यांचे डिझाइन करायचे होते. वडिलांना ते पसंत पडले नाही. सोळाव्या वर्षी तो दुकानात बसला. आरसा घ्यायला आलेल्या एका बाईंना त्याने १२ पौंडांचे जेवणाचे टेबल विकले, असे सांगतात. विक्रीची कला अंगातच होती, मन मात्र रमत नव्हते. सक्तीच्या लष्करी सेवेत गेला, तिथून मुदतीआधीच घरी पाठवला गेला. नट व्हायचे म्हणून लंडनच्या ‘राडा’ या नामांकित नाट्यशाळेत दाखल झाला, तेही अर्धवट सोडून परत आला. कोणत्याही मध्यमवर्गीय घरात अशा मुलाविषयी जे बोलले जाते, तेच त्याच्याविषयी बोलले जात असणार.

वडिलांनी त्याच्याकडे रेकॉर्ड्सचा विभाग सोपवला आणि इथे मुलाला सूर सापडला. त्याने एक नियम केला: गिऱ्हाईक जी रेकॉर्ड मागेल ती आणून द्यायचीच, एकच प्रत हवी असली तरी. कोणती रेकॉर्ड संपत आली आहे हे चटकन दिसावे म्हणून त्याने कप्प्यांना दोऱ्यांची खूण लावण्याची पद्धत बसवली. संगणक नसलेल्या काळात साठ्यावर एवढी नजर ठेवणारा दुकानदार मिळाला असता, तर मी त्याचे कर्जप्रकरण डोळे झाकून मंजूर केले असते. थोड्याच वर्षांत ‘नेम्स’ हे उत्तर इंग्लंडमधले रेकॉर्ड्सचे एक मोठे दुकान झाले.

१९६१ च्या शरद ऋतूत दुकानात एका रेकॉर्डची मागणी आली. ती जर्मनीत निघाली होती आणि तिच्यात साथ करणारी मुले याच गावची होती. त्यांचे नाव बीटल्स. नियमाप्रमाणे ब्रायनने शोध सुरू केला, तेव्हा कळले की ही मुले दुकानापासून काही पावलांवर मॅथ्यू स्ट्रीटवरच्या ‘कॅव्हर्न’ नावाच्या तळघरात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गातात. ९ नोव्हेंबर १९६१ रोजी तो आपला सहायक ॲलिस्टर टेलर याला घेऊन तिथे गेला. अंगात उत्तम शिवलेला सूट, वय २७. खाली घामाचा वास, ओल धरलेल्या भिंती, कातडी जाकिटे घातलेली मुले. ती रंगमंचावरच खात होती, सिगारेट ओढत होती, समोरच्यांशी थट्टा करत होती. पण त्या गोंगाटात त्याला काहीतरी असे दिसले, जे रोज शेजारून जाणाऱ्या गावाला दिसले नव्हते.

जानेवारी १९६२ मध्ये करार झाला. चौघांनी सह्या केल्या, ब्रायनने स्वतः मात्र केली नाही. आपल्याकडून काही जमले नाही तर मुलांना मोकळे होता यावे, अशी त्याची भूमिका होती. बँकेच्या भाषेत हा करार अपुरा. माणूस म्हणून मात्र त्याची किंमत त्यातून कळते.

त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला ‘डेका’ कंपनीने त्यांची चाचणी घेतली होती. नकार आला. इतर कंपन्यांनीही दारे लावून घेतली. आठवडाभर दुकान सांभाळायचे, मग आगगाडीने लंडन गाठायचे आणि नकार घेऊन परत यायचे, असे चालले होते. वडिलांना हा नाद पसंत नव्हता. अखेर लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एचएमव्हीच्या दुकानात तो टेपवरून चकत्या करून घ्यायला गेला असता, तिथल्या ओळखीतून ओळख निघत ‘पार्लोफोन’च्या जॉर्ज मार्टिनपर्यंत पोहोचला. पार्लोफोन ही ईएमआयची धाकटी शाखा. तिच्यावर विनोदी रेकॉर्ड्स निघत. मार्टिनने ६ जून १९६२ रोजी मुलांना बोलावले. त्यांच्या गाण्याइतकीच त्यांची हजरजबाबी थट्टा त्याला आवडली.

मार्टिनला ड्रमवादक पीट बेस्टचे वादन रुचले नाही आणि उरलेल्या तिघांनाही बदल हवाच होता. पीटला हे सांगण्याचे कटू काम ऑगस्टमध्ये ब्रायनच्या वाट्याला आले. रिंगो स्टार आला आणि आज जग ओळखते ती चौकडी पूर्ण झाली. ऑक्टोबर १९६२ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, ती विक्रीच्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेली. पुढच्या वर्षी निघालेला पहिला अल्बम इंग्लंडमध्ये सलग ३० आठवडे पहिल्या स्थानावर राहिला. त्याला खाली खेचले तेही बीटल्सच्याच दुसऱ्या अल्बमने.

ब्रायनने नेमके काय केले? गाणी लिहिली नाहीत, चाली लावल्या नाहीत. त्याने कातडी जाकिटे उतरवून चौघांना एकसारखे सूट शिवले. रंगमंचावर खाणे-पिणे बंद केले. वेळेवर यायचे, ठरलेली गाणी ठरलेल्या वेळात म्हणायची आणि शेवटी कमरेत वाकून प्रेक्षकांना नमस्कार करायचा, ही शिस्त लावली. पोरांबरोबर त्यांच्या आईवडिलांनाही ही मुले आवडली पाहिजेत, हे त्याने ओळखले होते. एकट्या तरुणांच्या कौतुकावर चाललेली गोष्ट एक-दोन हंगामात ओसरते. सगळ्या घराने आपली मानलेली गोष्ट टिकते. दर तीन महिन्यांनी एक छोटी रेकॉर्ड आणि वर्षाला दोन अल्बम, असे वेळापत्रक त्याने आणि मार्टिनने आखले. त्या वेळापत्रकाच्या रेट्यात लेनन आणि मॅकार्टनी यांच्याकडून गाण्यांचा जो साठा तयार झाला, तोच आजवर पुरतो आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संगीताच्या बाबतीत त्याने त्यांना मोकळे सोडले.

दिलेला शब्द पाळणे हा त्याचा आणखी एक गुण. बीटल्स पहिल्या क्रमांकावर पोहोचल्यावरही, आधी थोड्या पैशांत कबूल केलेले छोट्या गावांतले कार्यक्रम त्याने रद्द केले नाहीत. अमेरिकेत एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठीही त्याने पैशांपेक्षा मानाच्या जागेसाठी घासाघीस केली. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी तो कार्यक्रम पाहिला. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या विक्री-यादीतील पहिली पाचही गाणी बीटल्सची होती.

आता खात्याची दुसरी बाजू. ईएमआयच्या पहिल्या करारात एका रेकॉर्डमागे एक पेनी मिळत असे, तीही चौघांत वाटून. पहिल्या चित्रपटाच्या वेळी निर्माते नफ्यातला चौथा हिस्सा द्यायच्या तयारीत होते, असे सांगतात. ब्रायनने आपण होऊन साडेसात टक्के मागितले. सर्वांत मोठी चूक बीटल्सच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंची. केसांचे टोप, बाहुल्या, रुमाल, काय नव्हते? त्यांचे हक्क देताना ९० टक्के त्या विक्रेत्यांना आणि १० टक्के स्वतःकडे, असा करार झाला. आकडा उलटा वाचला की काय असे वाटावे! पुढे हिस्सा वाढवून घेतला, पण कोर्टकज्ज्यांत बरेच काही गेले.

पण न्याय करायचा तर हेही लक्षात घेतले पाहिजे की असा व्यवहार तोवर इंग्लंडमध्ये कोणी केलाच नव्हता. समोर ना नमुना, ना पूर्वीचा दर. आणि मुलांना फसवून त्याने स्वतःची तिजोरी भरल्याचा आरोप त्याच्यावर कोणी करत नाही. चूक झाली ती अननुभवाने, लबाडीने नाही. खाते बुडण्याची ही दोन कारणे बँकेत आम्ही वेगळी लिहीत असू.

या माणसाचे एक दुःख होते, ते कोणत्याही वहीत मांडता येणारे नव्हते. तो समलिंगी होता आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये पुरुषांसाठी हा गुन्हा होता. तारुण्यात त्याला मारहाण आणि पैशांसाठी धमक्याही सोसाव्या लागल्या. जगासमोर तो नीटनेटका, मृदुभाषी, यशस्वी गृहस्थ; आत सतत उघडे पडण्याची भीती. झोपेच्या आणि तरतरीच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या सुटल्या नाहीत.

१९६६ हे वर्ष वाईट गेले. फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या मेजवानीला बीटल्स गेले नाहीत, म्हणून सर्वांना अक्षरशः धक्काबुक्की सोसत तो देश सोडावा लागला. तिथून ते दिल्लीला उतरले, तेव्हा ब्रायन आजारी होता. चौघांनी मात्र दिल्लीत हिंडून वाद्ये पाहिली. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला आणि दौरे संपले. दौरे आखणे हाच ज्याचा प्राण, त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला: आता आपली गरज काय? निवृत्तीनंतरची पहिली सोमवारची सकाळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तरी जानेवारी १९६७ मध्ये त्याने ईएमआयशी नऊ वर्षांचा, आधीपेक्षा कितीतरी चांगल्या दराचा करार घडवून आणला. पहिल्या चुकांतून तो शिकला होता. जुलैमध्ये वडील वारले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला समलिंगी संबंधांना गुन्हा न मानणारा कायदा मंजूर झाला. बरोबर एक महिन्याने, २७ ऑगस्टला, ब्रायन लंडनच्या आपल्या घरात मृतावस्थेत सापडला. झोपेच्या गोळ्यांचा अंश शरीरात साठत गेला होता. चौकशीत मृत्यू अपघाती ठरला. वय अवघे ३२. त्या दिवशी चौघे बीटल्स वेल्समधील बँगोर इथे महर्षी महेश योगींच्या शिबिरात होते. गर्दी होऊ नये म्हणून ते अंत्यविधीला गेले नाहीत, ऑक्टोबरमधल्या प्रार्थनासभेला गेले.

त्यानंतर काय झाले, हे ताळेबंदासारखे स्वच्छ आहे. स्वतःची ‘ॲपल’ कंपनी काढली, तिच्यात पैसा पाण्यासारखा गेला. व्यवस्थापक कोण असावा यावरून चौघांत फूट पडली. १९६९ मध्ये त्यांची गाणी ज्या प्रकाशन कंपनीकडे होती तीच दुसऱ्यांच्या हाती गेली. एप्रिल १९७० मध्ये बीटल्स संपले. ब्रायनच्या मागे ते तीन वर्षेही एकत्र राहिले नाहीत. या काळातही त्यांचे संगीत उत्तमच होते. नव्हता तो चौघांनाही आपला वाटणारा पाचवा माणूस. गंधर्व नाटक मंडळीचे वैभव आणि तिच्यावरचा कर्जाचा डोंगर या दोन्ही गोष्टी ज्यांनी आजोबांकडून ऐकल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

बीटल्सची गाणी मात्र संपली नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये लेननच्या जुन्या ध्वनिमुद्रणावरून पुरे केलेले एक गाणे निघाले आणि तेही इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ब्रायनला १९६५ मध्ये बीटल्सबरोबर राजसन्मान मिळाला नव्हता. अमेरिकेतील रॉक संगीताच्या मानदालनात त्याचे नाव २०१४ मध्ये लागले आणि लिव्हरपूलमध्ये, त्याच्या जुन्या दुकानाजवळ, २०२२ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. सगळे येणे उशिरा वसूल झाले, खातेदार गेल्यावर.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती. वहीत हिशेब लिहिणाऱ्या त्या मुलाला या वर्षी मंचावर बोलवा. आणि तो मुलगा हसतमुख दिसला तरी, त्याचे कसे चालले आहे हे कधीतरी शेजारी बसून विचारा. ब्रायनला ते विचारणारे फार थोडे होते.