अ‍ॅडा लव्हलेस

प्रसिद्ध इंग्रज कवी लॉर्ड बायरन यांची कन्या अ‍ॅडा हिचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडन येथे झाला. ती महिनाभराची असतानाच आईवडील विभक्त झाले. वडिलांचा लहरी, कल्पनाविलासी स्वभाव मुलीत उतरू नये, म्हणून आईने तिला गणिताच्या शिस्तीत वाढवले. परंतु कल्पनाशक्ती अशी दडपता येत नाही. बाराव्या वर्षी अ‍ॅडाला उडण्याचा ध्यास लागला. कृत्रिम पंखांचे माप ठरवण्यासाठी ती पक्ष्यांच्या शरीररचनेचा अभ्यास करू लागली. पुढे गोवराच्या आजाराने ती दीर्घकाळ अंथरुणाला खिळली. तरी तिचा अभ्यास सुटला नाही.

१८३३ साली तिने गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राचा नमुना पाहिला. यंत्र चालते कसे, याचा शोध घेण्याची ओढ तिला तेव्हाच लागली. विवाहानंतर तीन मुलांची आई झाल्यावरही तिने विद्यार्थिदशा सोडली नाही. १८४० पासून ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडून ती मुख्यतः पत्रांद्वारे उच्च गणित शिकली. डी मॉर्गन यांचे जन्मस्थान आपल्या देशातील मदुराई. एखादी पायरी उमगली नाही, तर शंका विचारल्याविना ती पुढे जात नसे.

हीच सवय पुढे कामी आली. बॅबेज यांच्या नियोजित नव्या यंत्रावरील एका फ्रेंच लेखाचा अनुवाद तिने १८४३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याला जोडलेली तिची टिपणे मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट होती. बर्नोली संख्या काढण्यासाठी यंत्राने कोणती क्रिया आधी करावी, कोणती नंतर आणि कोणत्या क्रिया पुन्हापुन्हा कराव्यात, हे तिने तक्त्यात क्रमवार मांडले. संगणकाचे पहिले धडे गिरवणारी मुले आज हाच क्रम आणि हीच पुनरावृत्ती शिकतात. यंत्र संख्यांप्रमाणेच संगीताचे स्वरही हाताळू शकेल, हे तिने ओळखले. मात्र ते स्वतः नवे काही निर्माण करणार नाही, सांगितलेलेच करील, असेही तिने बजावले.

ते यंत्र कधीच पूर्ण झाले नाही. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, अ‍ॅडाचे कर्करोगाने निधन झाले. तिच्या इच्छेनुसार तिला वडिलांशेजारी चिरविश्रांती देण्यात आली. १९७९ मध्ये एका संगणकीय भाषेला तिचे नाव देण्यात आले. आईने दिलेले गणित आणि वडिलांकडून लाभलेली कल्पनाशक्ती यांचा संगम झाला, म्हणूनच न घडलेल्या यंत्राचे भवितव्य तिला दिसू शकले.