चर्नी रोडच्या बागेतले केळुसकर गुरुजी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये गुणगौरव समारंभांची रांग लागते. विहारात खुर्च्या मांडल्या जातात, मुलांच्या हातात पुष्पगुच्छ आणि एखादे पुस्तक दिले जाते, फोटो निघतात, भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी मुलगा कॉलेजच्या खिडकीसमोर एकटाच उभा असतो. उत्पन्नाचा दाखला कुठला, जात वैधता प्रमाणपत्र कधी मिळणार, महाडीबीटीवर नाव का दिसत नाही, हे विचारायला त्याला कोणी सापडत नाही. म्हणून या निकालाच्या हंगामात एका माणसाची आठवण काढावीशी वाटते. त्यानेही एका मुलाच्या सत्कारात भाषण केले होते आणि पुस्तकही दिले होते. फरक इतकाच, की समारंभ संपल्यावर तो घरी जाऊन विसरला नाही.

कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचा जन्म १८६० सालचा, वेंगुर्ल्याजवळच्या केळुस गावचा. कोकणातून मुंबईला आलेल्या कित्येकांप्रमाणे तेही इथलेच होऊन गेले. विल्सन हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते. शाळेच्या पगारावर संसार चालवायचा आणि उरलेल्या वेळात वाचायचे, लिहायचे, असा त्यांचा दिनक्रम. बहुजन समाजातून आलेला, स्वतःच्या कष्टाने विद्वान झालेला हा माणूस. तुकारामांचे चरित्र त्यांनी लिहिले. १८९८ साली गौतम बुद्धांचे चरित्र मराठीत आणले. त्यानंतर शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहिले, आणि त्याच्या आधारे तकाखव यांनी तयार केलेला इंग्रजी ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शिवचरित्रकार म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्याला ते दुसऱ्याच कारणासाठी जवळचे आहेत.

संध्याकाळी शाळा सुटली की केळुसकर चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत. त्याच बागेत एक शाळकरी पोरगाही येऊन वाचत बसायचा. क्रिकेट नाही, गप्पा नाहीत, रोज आपले पुस्तकात डोके. शिक्षकाची नजर अशा मुलावर पडल्याशिवाय राहत नाही. केळुसकरांनी त्याला जवळ बोलावून चौकशी केली. पोरगा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होता, नाव भीमराव. वडील निवृत्त सुभेदार रामजी. जात महार. जात ऐकल्यावर त्या काळात बरेच लोक चार पावले मागे सरकत. केळुसकरांनी काय वाचतोस, काय वाचायला हवे, हे सांगायला सुरुवात केली आणि आपल्याकडची पुस्तके त्याला देऊ लागले.

घरची स्थिती सांगायलाच हवी, नाहीतर या पुस्तकांची किंमत कळणार नाही. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, अभ्यासही तिथेच. रामजीबाबा पहाटे दोनला मुलाला उठवीत आणि तो दिव्याच्या उजेडात वाचत बसे. मुलाने नवे पुस्तक मागितले आणि हातात पैसा नसला, तर सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणीत, गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करीत. असा बाप घरात आणि असा गुरुजी बागेत. दोघांपैकी एक जरी नसता तरी पुढचे घडले असते का, याची मला शंका आहे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या टक्केवारीच्या बाजारात हा आकडा वाचून एखादा पालक तोंड वाकडे करील. पण त्या काळी अस्पृश्य मुलाने मॅट्रिक होणे ही पंचक्रोशीत सांगत फिरण्याची गोष्ट होती. सत्कारसभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. पुढे १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणणारे बोले ते हेच, आणि महाडच्या चवदार तळ्याचा संगर त्याच ठरावाच्या आधारावर उभा राहिला. त्या सभेत केळुसकर बोलले आणि स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी भीमरावांना भेट दिले.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. चरित्रकार ही भेट मॅट्रिकनंतरची सांगतात. बाबासाहेबांनी मात्र आपल्या बुद्धग्रंथासाठी आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या प्रस्तावनेत ती इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्यानंतरच्या सभेतली सांगितली आहे. ही प्रस्तावना ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत आली नव्हती. इयत्ता कोणती यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. मला महत्त्वाचे वाटते ते त्या प्रस्तावनेतले दुसरे काही. तिथे बाबासाहेब केळुसकरांना दादा म्हणतात, आणि आपण बुद्धाकडे वळलो ते त्यांनी दिलेल्या पुस्तकामुळे, हे ऋण उघडपणे मान्य करतात. रामायण-महाभारत घरात वाचून घेणाऱ्या वडिलांनी बौद्ध साहित्य का दिले नाही, हा प्रश्न त्या मुलाला ते पुस्तक वाचल्यावर पडला, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. दीक्षाभूमीचा रस्ता कुठून सुरू झाला हे शोधणाऱ्यांनी या सत्कारसभेपाशी थोडे थांबावे.

पुस्तक दिले, पण पुस्तकाने कॉलेजची फी भरत नाही. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. तिथला हॉटेलवाला त्यांना चहा देत नसे, पाणी देत नसे. तरी इंटर झाले. मध्ये आजारपणात एक वर्ष गेले होते. आणि इंटरनंतर सुभेदारांचे हात टेकले. पेन्शनीत बी.ए.ची दोन वर्षे निघणे शक्य नव्हते. हा तो टप्पा आहे जिथे आपली बहुसंख्य मुले आजही गळतात. सगळ्यांचे लक्ष प्रवेशाकडे असते, पण शिक्षण तुटते ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला आणि घरात कोणी आजारी पडले की.

केळुसकरांना एक गोष्ट माहीत होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी थोड्याच दिवसांपूर्वी मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या सभेत जाहीर केले होते, की अस्पृश्यांतला कोणी लायक विद्यार्थी पुढे शिकू इच्छित असेल तर आपण त्याला मदत करू. अशी वाक्ये भाषणात टाळ्या घेऊन हवेत विरतात. केळुसकरांनी ते वाक्य धरून ठेवले. महाराजांच्या कानावर या मुलाचे नाव घातले, भेटीची वेळ ठरवली आणि भीमरावांना स्वतः बरोबर घेऊन गेले. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले, उत्तरे त्यांना पटली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. कॉलेजमध्ये प्राध्यापक मुल्लर पुस्तके आणि कपडे देत होतेच. इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊन भीमराव १९१२ च्या परीक्षेत बी.ए. झाले. फारसी का, हे वेगळे सांगायला नको. संस्कृतची दारे त्यांना शाळेतच बंद करण्यात आली होती.

केळुसकरांनी नेमके काय केले ते पुन्हा पाहा. ते श्रीमंत नव्हते. कॉलेजचा खर्च उचलण्याची त्यांची ऐपत नव्हती. मदत कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते, ती कोणाला हवी आहे हेही ठाऊक होते, आणि या दोघांना एका खोलीत आणण्याची खटपट त्यांनी केली. आपल्याकडे आज योजना कमी नाहीत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार आहे, परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. खोली मात्र एक होत नाही. आमच्या विहारात निकालाच्या दिवसांत आम्ही चौघे-पाच जण अर्ज भरून देतो. गेल्या वर्षी एका मुलीचे वैधता प्रमाणपत्र वेळेत आले नाही म्हणून हातातली जागा गेली. तिने त्यासाठी अर्ज अकरावीतच करायला हवा होता, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. तिच्या दहावीच्या सत्काराला मात्र आम्ही सगळे हजर होतो.

पुढची हकिकत वाचकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच तार आली आणि २ फेब्रुवारीला रामजीबाबा गेले. त्याच वर्षी महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार होते. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले, कोलंबिया विद्यापीठात. ही दहा वर्षांची अट पुढे त्यांच्या मागे किती लागली हे ज्यांनी चरित्र वाचले आहे त्यांना माहीत आहे. शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, असे मी मुलांना सांगतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तोच कागद असतो.

१९१७ मध्ये भीमराव परतले आणि करारानुसार बडोद्याला गेले. राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना लाठ्या दाखवून बाहेर काढले गेले. कोलंबियाचा एम.ए. झालेला माणूस झाडाखाली बसून रडला. मुंबईला परत आल्यावर त्यांच्यासाठी धावले ते पुन्हा केळुसकरच. त्यांनी महाराजांशी बोलणे केले, आणि बडोद्यातल्या एका प्राध्यापकाच्या घरी पैसे देऊन राहण्याची सोयही लावली. भीमराव पुन्हा गाडीत बसले. बडोदे स्टेशनावर उतरतात तोच त्यांच्या हातात चिठ्ठी पडली, की घरच्या मंडळींची तयारी नाही. ते तसेच मागे फिरले.

गुरुजींना ही बातमी कळली तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. बागेतल्या पोराला त्यांनी राजवाड्यापर्यंत नेले होते. शिकला की माणूस म्हणून जगू देतील, असा त्यांच्यासारख्या सुधारकांचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाला स्वतःच्या ओळखीच्या घरातूनच नकार आला. केळुसकरांचे मोठेपण सांगताना आपण ही चिठ्ठी वगळतो, ती वगळू नये. सज्जन माणसाची शिफारस कुठपर्यंत चालते आणि कुठे संपते, हे बाबासाहेबांना त्या स्टेशनावर समजले. त्यानंतर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतः साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर.

आणि हाती अधिकार आल्यावर त्यांनी गुरुजींचे काम एका माणसाच्या भलेपणावर ठेवले नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले, उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला, आणि त्यातून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची आजची योजना १९४४ पासूनची आहे. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. तिथे प्रवेश घ्यायला मुलाला कोणाच्या ओळखीने राजवाड्यात जावे लागत नव्हते.

केळुसकरांनी यातले काही पाहिले नाही. ते १९३४ साली वारले. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. आपण दिलेल्या बुद्धचरित्राचे पुढे काय झाले, हे त्यांना कधीच कळले नाही.

दादरला शिवाजी पार्कच्या कडेने जो रस्ता जातो, त्याच्या पाटीवर केळुसकर हे नाव आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारी गर्दी याच भागात विसावते. गावाकडून आलेली माणसे डब्यातली भाकरी सोडून बसतात, आणि पलीकडे पुस्तकांच्या स्टॉलवर पोरे पुस्तके चाळत उभी असतात.