रात्रीच्या टपालाचे मंत्री : रफी अहमद किडवाई
(बी. ए. भाग दोन)

मुंबई आणि कलकत्ता, तसेच दिल्ली आणि मद्रास ही शहरे नकाशावर दोन रेषांनी जोडली, तर त्या रेषा एकमेकींना नागपूरच्या आसपास छेदतात. शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी हे पाहिलेले आहे. परंतु या गोष्टीचा उपयोग करून, देशाच्या चारही टोकांचे टपाल रोज मध्यरात्री आपल्या सोनेगावच्या विमानतळावर उतरविण्याची कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली, त्या रफी अहमद किडवाई यांचे नाव माझ्या वर्गात कोणालाही ठाऊक नव्हते. ग्रंथालयात दुसरेच काही शोधीत असता ते मला भेटले, आणि मग त्यांना सोडवेना.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. राज्यशास्त्राच्या तासाला 'धोरण' हा शब्द कानावर पडला की मनात येते, दिल्लीत ठरलेले धोरण आमच्यासारख्यांच्या उंबरठ्यापर्यंत खरोखर येते काय? आले तर कोणत्या वाटेने येते? किडवाईंच्या चरित्राकडे मी या प्रश्नाचे बोट धरून गेलो.

त्यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ रोजी उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात मसौली या गावी झाला. घराणे जमीनदाराचे. अलीगढ येथे बी. ए. झाल्यावर ते कायद्याचा अभ्यास करू लागले; पण असहकाराची हाक आली आणि पुस्तके मिटून ते चळवळीत शिरले, तुरुंगात गेले. सुटून आल्यावर पंडित मोतीलाल नेहरूंचे चिटणीस म्हणून त्यांनी काम केले. १९२६ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले आणि स्वराज्य पक्षाचे प्रतोद झाले. सभा गाजविणे हा त्यांचा पिंड नव्हता. माणसे जोडणे, निरोप पोहोचविणे, अडलेले काम मार्गी लावणे, यांत त्यांचा हातखंडा होता. १९३७ साली गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात महसूल खाते त्यांच्याकडे आले, तेव्हा या जमीनदाराच्या मुलाने कुळांना हक्क देणाऱ्या कायद्यासाठी झटून काम केले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात ते दळणवळण मंत्री झाले. तो काळ किती कठीण होता! फाळणीच्या त्याच वर्षी मसुरी येथे प्रशासक असलेले त्यांचे सख्खे भाऊ शफी अहमद किडवाई दंगलीत मारले गेले. हे दुःख गिळून ते आपल्या खात्याच्या कामाला लागले. त्यांच्या खात्यात टपाल, तार, टेलिफोन आणि नागरी विमान वाहतूक हे सारे एकत्र होते. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही एक बाब ध्यानात ठेवावी लागते. पत्रे ज्यांच्या हाती, विमानेही त्यांच्याच हाती होती.

त्यावेळी विमानांची स्थिती मोठी चमत्कारिक होती. दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकन सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली. हाती पैसा असलेल्या अनेकांनी ती घेऊन कंपन्या काढल्या. १९४६ साली परवाने देणारे मंडळ स्थापन झाले व त्याने परवाने सढळ हाताने दिले. फाळणीतील निर्वासितांची ने-आण आणि काश्मीरकडे जाणारी सैन्याची रसद यांमुळे काही काळ सर्व विमानांना काम मिळाले. ते संपताच कंपन्या पुष्कळ आणि उतारू थोडे, असा प्रसंग आला. एकाच गावच्या बाजारात एकाच मालाची दहा दुकाने लागावीत आणि गिऱ्हाईक मात्र दोघातिघांचेच असावे, तसे झाले. स्पर्धा होती, पण तिच्यात जवळपास सर्वांचेच नुकसान होते.

या काळात किडवाई आणि जे. आर. डी. टाटा यांचा संबंध आला. प्रथम तो सहकार्याचा होता. परदेशी जाणारी विमान कंपनी काढण्याचा टाटांचा प्रस्ताव सरकारने त्वरेने मान्य केला, त्यात ४९ टक्के भांडवल घातले, आणि ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. सरकार व खाजगी उद्योग यांनी मिळून केलेले असे काम त्या दिवसांत विरळाच.

परंतु रात्रीच्या टपालावरून दोघांचे बिनसले. किडवाईंचा विचार सरळ होता. संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र आगगाडीने मुंबईहून कलकत्त्याला जायला दीड-दोन दिवस लागतात. तेच रात्री विमानात टाकले तर सकाळी कलकत्त्यात असेल. नागपूर या चारही शहरांपासून सुमारे सातशे ते हजार किलोमीटरच्या आत आहे. डाकोटाला हे अंतर तीन-चार तासांचे. चार दिशांनी चार विमाने यावीत, मध्यरात्री पिशव्यांची अदलाबदल व्हावी आणि उजाडण्यापूर्वी ती आपापल्या मार्गाने निघून जावीत. शिवाय रिकाम्या बसलेल्या कंपन्यांना काम मिळेल, हा दुसरा लाभ.

टाटांचे म्हणणे निराळे होते. धावपट्टीवर पुरेसे दिवे नाहीत, वाटेत रेडिओची साधने अपुरी, अशा स्थितीत रोज रात्री उड्डाण करणे धोक्याचे आहे. आणि तोट्यातील कंपन्यांच्या डोक्यावर हा नवा खर्च नको. लक्षात घ्यावे की, हे सांगणारा मनुष्य भित्रा नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान स्वतः चालवीत आणणारे ते हेच टाटा.

किडवाई थांबले नाहीत. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मोठ्या कंपन्या मागेपुढे पाहत असल्याने हे काम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या लहान कंपनीकडे गेले. काही महिन्यांतच ती कंपनी थकली आणि सेवा खंडित झाली. तेव्हा त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशन या दुसऱ्या लहान कंपनीने ती पुन्हा उभी केली. मधल्या काळात, १ एप्रिल १९४९ पासून, देशातील साध्या पत्रांनाही विमानाच्या जादा आकाराशिवाय विमानाने नेण्याची योजना अमलात आली. माझ्या मते किडवाईंच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी गोष्ट हीच. विमानात बसण्याची ऐपत देशात मूठभर लोकांची होती. पण साध्या तिकिटाचे पत्र आता विमानात बसले.

माझे आजोबा तरुणपणी विमानतळाजवळ शिवणगावच्या शिवारात मजुरीने राबत. घरात घड्याळ नव्हते. रात्री पिकाला पाणी द्यायची पाळी असली की डोक्यावरून विमाने घरघरत उतरू लागली म्हणजे मध्यरात्र झाली, असा त्यांचा हिशेब. त्या विमानांत काय असते हे त्यांना कधी कोणी सांगितले नाही, आणि अक्षरओळखही नव्हती. मात्र मुंबईच्या गिरणीत असलेल्या भावाचे पत्र आले की ते गुरुजींकडे जाऊन वाचून घेत. ते पत्र याच विमानांनी आणलेले असणार, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते नुसते हसले. दिल्लीचे धोरण आमच्या उंबरठ्यापर्यंत आले होते, आम्हाला न कळता.

तथापि केवळ गौरव करून चरित्र पुरे होत नाही. टाटांची शंका पोकळ नव्हती. १२ डिसेंबर १९५३ रोजी, किडवाईंकडे हे खाते उरले नव्हते तेव्हा, नागपूरहून रात्री निघालेले डाकोटा उड्डाण करताच कोसळले आणि १३ माणसे मृत्युमुखी पडली. रात्रीच्या उड्डाणाची किंमत कोणीतरी मोजली, हे आपल्या नागपूरने तरी विसरता कामा नये. दुसरे असे की, टपालाचे काम देऊनही कंपन्यांचा तोटा भरून निघाला नाही. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने चौकशी केली आणि परवाने गरजेपेक्षा फार जास्त दिले गेले, असा निष्कर्ष काढला. राष्ट्रीयीकरणाची घाई करू नये, असे मात्र समितीचे मत होते. पण जगजीवनराम मंत्री असताना कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी देशांतर्गत आठ कंपन्या एका महामंडळात विलीन झाल्या. तोपर्यंत किडवाई दुसरीकडे गेले होते. १९५१ मध्ये ते काँग्रेस सोडून किसान मजदूर प्रजा पक्षात गेले, नंतर परतले, आणि १९५२ पासून अन्न व शेती खाते पाहू लागले. तेथेही त्यांनी धान्यावरील नियंत्रणे उठविण्याचे धाडस केले आणि ते यशस्वी झाले. टेलिफोनसाठी आगाऊ पैसे घेऊन त्या पैशातून जाळे वाढविण्याची 'ओन युअर टेलिफोन' योजनाही त्यांच्याच दळणवळण खात्यातील.

२४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. एवढी वर्षे सत्तेत राहून त्यांनी मागे संपत्ती ठेवली नाही. आलेला पैसा गरजूंना वाटून टाकण्याची त्यांची सवय सर्वांना ठाऊक होती.

रात्रीचे टपाल त्यांच्यामागे सुमारे वीस वर्षे सोनेगावला उतरत राहिले आणि सत्तरच्या दशकात बंद पडले. १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द होऊन खाजगी कंपन्यांना आकाश पुन्हा मोकळे झाले. पुन्हा अनेक निघाल्या, आणि किंगफिशर, जेट यांसारख्या बुडाल्याही. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली. स्पर्धा किती असावी आणि सरकारने कोठे हात घालावा, हा प्रश्न किडवाईंच्या वेळी होता तसाच आजही आहे. त्याचे उत्तर माझ्यासारख्या विद्यार्थ्याने देणे धाष्टर्याचे होईल. मला एवढेच म्हणावेसे वाटते की, विमान कंपन्यांचा विचार करताना विमानात कधीही न बसणाऱ्या माणसाचा विचार किडवाईंनी केला. घाई केली असेल, पण ती त्याच्यासाठी केली. आपल्या गावाच्या इतिहासात त्यांना जागा द्यायला एवढे कारण पुरेसे आहे.