रद्दीतून इतिहास वाचवणारे राजवाडे. दप्तरांसाठी केली गावोगाव पायपीट

धुळे : जुन्या वाड्यातल्या माळ्यावर मोडी कागदांची बोचकी पडलेली. वाळवी लागलेली, उंदरांनी कुरतडलेली. काही दप्तरं वाण्याच्या पुड्यांत गेली, काही बंबात. अशा काळात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे खेडोपाडी फिरून हे कागद गोळा करत होते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म 1863 चा. पत्नी तरुणपणीच वारली, त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. शिक्षकाची नोकरीही फार दिवस केली नाही. वाईला जुन्या पत्रांचा साठा हाती लागला आणि माणूस त्यातच बुडाला. 1750 ते 1761 या काळातल्या, म्हणजे पानिपतापर्यंतच्या पत्रांचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला. पुढे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने एकूण 22 खंड झाले.

कागद मिळवणं मात्र सोपं नव्हतं. इंग्रजांच्या इनाम कमिशनने कागद तपासून कित्येकांची इनामं काढून घेतली होती. त्यामुळे परका माणूस दप्तर मागायला आला की घरधन्याच्या पोटात गोळा यायचा. त्यात भाऊबंदकी! एक भाऊ हो म्हणाला तर दुसरा कुलूप लावणार. शेतीच्या वाटण्या पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. राजवाड्यांचा स्वभावही तापट, जमवून घेणं त्यांना फारसं जमत नसे. तरी कागदांसाठी ते लोकांच्या दारात जात राहिले. मूळ कागद मिळाला तर ठीक, नाहीतर तिथेच बसून नक्कल करायची. स्वयंपाक हाताने, गरजा अगदी थोड्या.

राजेरजवाड्यांच्या पत्रांएवढीच किंमत ते वतनाच्या महजराला, हिशेबाच्या चिठोऱ्यालाही देत. इंग्रजी चांगलं येत असूनही लिखाण मराठीतच केलं.

एकट्याच्या घरात एवढा संग्रह किती दिवस टिकणार? म्हणून 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. नंतर तिथल्या मंडळींशी बिनसलं आणि शेवटची वर्षं ते धुळ्यात राहिले. इथेही कागद वाचणं, टिपणं काढणं चालूच होतं. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच त्यांचं निधन झालं.

मागे राहिली ती हस्तलिखितं, टिपणं आणि कागदांचे गठ्ठे. ते पुन्हा रद्दीत जाऊ नयेत म्हणून धुळेकरांनी 1927 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं आणि हा ठेवा तिथे जपून ठेवला.