डॉ. चार्ल्स ड्रू

रक्तपेढी हा शब्द आज लहान मुलांसही ठाऊक आहे. घरातील कोणास अपघात झाला किंवा मोठी शस्त्रक्रिया करावयाची असली, की आप्तेष्ट प्रथम तिकडे धाव घेतात. रक्त साठविण्याच्या ह्या विद्येत ज्यांनी पायाभूत कार्य केले, त्यांत अमेरिकेतील शस्त्रवैद्य डॉ. चार्ल्स ड्रू ह्यांचे नाव अग्रभागी आहे. तथापि आमच्या मते त्यांचे अधिक मोठे कार्य निराळेच होते, आणि मुख्यत्वेकरून तेच आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ड्रू ह्यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टन शहरी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील गालिचे बसविण्याचे काम करीत. पाच भावंडांत चार्ल्स थोरले. पुस्तकापेक्षा मैदानावर त्यांचे तेज अधिक दिसे, आणि खेळातील नैपुण्याच्या बळावरच त्यांस ॲम्हर्स्ट कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. १९२६ साली पदवी हाती आली. परंतु वैद्यकीय शिक्षणास लागणारा पैसा कोठून आणावा? त्यांनी दोन वर्षे बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात खेळ व शास्त्रविषय शिकवून तो साठविला. हॉवर्ड विद्यापीठाने त्यांचा अर्ज परत केला, कारण इंग्रजी विषयाचा अभ्यास पुरेसा झालेला नव्हता. भाषेच्या तासास कंटाळणाऱ्या आमच्या बालवाचकांनी हे ध्यानात ठेवावे! अखेर १९२८ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात त्यांस प्रवेश मिळाला, आणि १९३३ साली १३७ विद्यार्थ्यांत दुसरा क्रमांक मिळवून ते वैद्य झाले.

खरी अडचण येथून पुढे होती. नुसत्या पदवीने कोणी शस्त्रवैद्य होत नाही. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात निवासी वैद्य म्हणून कित्येक वर्षे राहावे लागते आणि निष्णात गुरूच्या नजरेखाली स्वतःच्या हातांनी शस्त्र चालवावे लागते. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या रुग्णालयांनी ह्या जागा कृष्णवर्णीयांस बंद ठेविल्या होत्या. गोरे रोगी काळ्या वैद्याचा हात लागू देणार नाहीत, हे त्याचे कारण सांगितले जाई. म्हणजे परीक्षेत पहिला-दुसरा आलेला विद्यार्थीसुद्धा रोग्याच्या खाटेपाशीच अडविला जात असे. मग उत्तम कृष्णवर्णीय शस्त्रवैद्य का दिसत नाहीत, असे विचारावयास लोक मोकळे!

माँट्रियल येथे दोन वर्षे रुग्णालयात काम करून ड्रू १९३५ साली वॉशिंग्टनला परतले. ज्या हॉवर्ड विद्यापीठाने त्यांस नाकारले होते, तेथेच ते शिकवू लागले. मुक्त झालेल्या गुलामांसाठी स्थापन झालेले फ्रीडमेन्स हॉस्पिटल ह्या विद्यापीठाशी जोडलेले होते. १९३८ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील शस्त्रवैद्यकाचे प्रमुख डॉ. ॲलन व्हिपल ह्यांनी त्यांस आरंभी रोग्यांपासून दूर, डॉ. जॉन स्कडर ह्यांच्या प्रयोगशाळेत ठेविले. पुढे ड्रू ह्यांनी व्हिपल ह्यांचे मन वळवून रुग्णकक्षातील शिक्षणही मिळविले. प्रयोगशाळेतील रक्तसंचयाच्या संशोधनावर त्यांनी प्रबंध लिहिला व १९४० साली डॉक्टरेट संपादन केली. वैद्यकशास्त्रातील ही पदवी तेथे मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत.

त्याच वर्षी इंग्लंडवर बाँबवर्षाव होत होता. तेथील जखमींसाठी न्यूयॉर्कहून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा द्रव, पाठविण्याची योजना निघाली व तिची वैद्यकीय देखरेख ड्रू ह्यांच्याकडे आली. जानेवारी १९४१ पर्यंत १४,५५६ वेळा रक्तदान झाले आणि ५,००० लिटरांहून अधिक द्रव समुद्रापार गेला. ह्यानंतर अमेरिकन रेड क्रॉसने रक्तसंकलन सुरू केले, तेव्हा प्रथम कृष्णवर्णीयांचे रक्त घेण्याचेच नाकारले. १९४२ च्या जानेवारीपासून ते घेतले जाऊ लागले, पण वेगळे ठेवून! ही शिवाशिव १९५० पर्यंत चालली. रक्ताच्या गटांस वर्णभेद ठाऊक नाही, आणि ह्या पद्धतीस शास्त्राचा काडीचाही आधार नाही, हे ड्रू ह्यांनी जाहीरपणे सांगितले. ते स्वतः एप्रिल १९४१ मध्येच हॉवर्डला परतले होते.

आता ते तेथे शस्त्रवैद्यक विभागाचे व फ्रीडमेन्स हॉस्पिटलातील शस्त्रवैद्यांचे प्रमुख झाले. अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीच्या परीक्षेत ते उत्तीर्ण झाले आणि त्याच वर्षी त्या मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय परीक्षकही नेमले गेले. मोठ्या रुग्णालयांची दारे बंद होती, म्हणून त्यांनी शिक्षणाची सोय स्वतःच्या रुग्णालयात उभी केली, आणि तिचा दर्जा कोणाहून कमी नसावा असा कटाक्ष ठेविला. १९४८ साली त्यांचे शिष्य मंडळाच्या परीक्षेस बसले व उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. १९४१ ते १९५० ह्या काळात मंडळाने मान्यता दिलेल्या कृष्णवर्णीय शस्त्रवैद्यांपैकी निम्म्याहून अधिक ड्रू ह्यांच्या हाताखाली तयार झालेले होते. ती संख्या ८ होती. वाचकांस ती लहान वाटेल. पण देशभरात मिळून किती थोड्यांस वाव मिळत होता, हेच तीवरून कळते.

गुरूची स्वतःची अवहेलना मात्र संपली नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे सभासदत्व स्थानिक वैद्यसभेमार्फतच मिळे, आणि वॉशिंग्टनची सभा कृष्णवर्णीयांस घेत नसे. १९४७ साली ड्रू ह्यांनी असोसिएशनच्या नियतकालिकाच्या संपादकांस पत्र लिहून ह्याचा निषेध केला. उपयोग झाला नाही.

१ एप्रिल १९५० रोजी सकाळी, टस्कीगी येथील मोफत वैद्यकीय शिबिरास तीन सहकाऱ्यांसह जात असता, उत्तर कॅरोलिनात त्यांस मोटार चालविताना डुलकी लागली व गाडी उलटली. काळे म्हणून त्यांस उपचार नाकारले गेले, अशी कथा पुढे पसरली. ती खरी नाही. तेथील गोऱ्या डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली, परंतु जखमाच प्राणघातक होत्या. मृत्युसमयी त्यांचे वय ४५ होते. १९५१ साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने त्यांस मरणोत्तर सदस्यत्व दिले. पुढील वर्षांत आणखी १४ कृष्णवर्णीय शस्त्रवैद्य मंडळाच्या परीक्षेत उतरले. त्यांच्या शिक्षणाचा काही भाग ड्रू ह्यांच्याच नजरेखाली झाला होता.