रामदेवराव यादव : ताम्रपटात न मावलेला राजा

एमपीएससीची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, देवगिरीच्या यादवांचा शेवटचा मोठा राजा कोण? रामचंद्रदेव, म्हणजेच रामदेवराव, हे उत्तर लगेच येईल. पुढे १२९६ साल, अलाउद्दीन खिलजी, धान्याऐवजी मिठाची पोती... आणि संपला चॅप्टर! पण या माणसानं जवळपास चाळीस वर्षं राज्य केलं. त्यातली पंचवीस वर्षं अलाउद्दीन यायच्या आधीची आणि पंधरा त्यानंतरची. आपण लक्षात ठेवतो ते मधले काही दिवस.

युसूफ वडगाव, केज, अंबाजोगाई या भागातल्या मुलांना तर हा राजा परका वाटायला नको. अंबाजोगाईतलं खोलेश्वराचं देऊळ तुम्ही पाहिलं असेल. तो खोलेश्वर सेनापती होता सिंघणदेव यादवाचा, आणि सिंघणदेव म्हणजे रामदेवरावाचे पणजोबा. आपल्याच जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. धोंड्याच्या महिन्यात जिथं दर्शनाला रीघ लागते, तेच गाव. तिथं रामदेवरावाचा १३१० सालचा ताम्रपट सापडला. राजाच्या अखेरच्या दिवसांतला हा दस्तऐवज. त्याच्याकडे शेवटी येऊच.

नाटक मंडळी गडावर

रामदेवराव हा कृष्णदेव यादवाचा मुलगा. १२६१ च्या सुमारास वडील गेले तेव्हा तो लहान होता, म्हणून गादीवर चुलते महादेवराव बसले. महादेवरावांनी उत्तर कोकणातल्या शिलाहारांचं राज्य जिंकलं, कारभार चोख चालवला. पण त्यांच्यानंतर गादी पुतण्याला परत मिळायच्या ऐवजी त्यांचा स्वतःचा मुलगा आमणदेव राजा झाला. रामदेवरावाच्या दृष्टीनं हा सरळ हक्क मारण्याचाच प्रकार होता.

आता देवगिरी हा काही शिडी लावून चढायचा किल्ला नाही. मग रामदेवरावानं डोकं लढवलं. आमणदेवाला नाचगाण्याचा भारी शौक. रामदेवरावाची माणसं नट-नर्तकांच्या वेशात गडावर शिरली. खेळ रंगात आला आणि बघता बघता राजाच कैद झाला. हे १२७१ साल. एखाद्या वेब सीरिजचा पहिला एपिसोड शोभावा असा प्रसंग! पण महानुभाव वाङ्मयात याचा पुढचा भागही येतो : चुलतभावाचे डोळे काढले गेले. या राजाची कारकीर्द अशी सुरू झाली, हे विसरून चालणार नाही.

पंचवीस वर्षांचा बहर

गादीवर आल्यावर त्यानं चारही बाजूंना फौजा पाठवल्या. उत्तरेला माळव्याचे परमार, पश्चिमेला गुजरातचे वाघेले, दक्षिणेला होयसळ. १२७६ मध्ये त्याचा सेनापती टिक्कम होयसळांच्या राजधानीपर्यंत, द्वारसमुद्रापर्यंत धडकला. लूट मिळाली, पण राजधानी काही पडली नाही, माघार घ्यावी लागली. पूर्वेला भंडारा, वैरागडपर्यंत आणि इकडे कोकणात खेड, संगमेश्वरपर्यंत त्याचा अंमल पोचला.

पण आज आपण त्याचा काळ आठवतो तो लढायांसाठी नाही, मराठीसाठी. हेमाद्री पंडित, म्हणजे ज्याच्या नावावर आपण प्रत्येक जुनं दगडी देऊळ खपवतो तो हेमाडपंत, महादेवरावाच्या आणि मग रामदेवरावाच्या दरबारात मोठ्या अधिकारावर होता. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख याच काळातला. देणग्यांच्या त्या यादीत राजाचंही नाव आहे आणि हेमाद्रीचंही. म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ते याच राजवटीत. १२९० मध्ये, म्हणजे शके १२१२ मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या शेवटी ज्ञानेश्वरांनी न्यायानं राज्य करणारा राजा म्हणून रामचंद्राची नोंद केली आहे.

कवी नरेंद्राची गोष्टही ऐकण्यासारखी. त्याचं रुक्मिणी स्वयंवर ऐकून राजा इतका खूश झाला की हे काव्य आपल्या नावावर कर, सोनं देतो, अशी ऑफरच दिली. नरेंद्रानं नकार दिला. ही हकीकत महानुभाव परंपरा सांगते. राजाला नाही म्हणणारा कवी आणि नकार पचवणारा राजा, दोघंही एकाच देवगिरीत!

पाहुणा कडाहून आला

दिल्लीच्या तख्तावर तेव्हा जलालुद्दीन खिलजी होता. त्याचा पुतण्या आणि जावई अलाउद्दीन हा कडा प्रांताचा सुभेदार, आजच्या प्रयागराजजवळचा. त्याला हवं होतं तख्त आणि त्यासाठी लागणारा पैसा. १२९६ च्या सुरुवातीला चुलत्याला पत्ता लागू न देता तो काही हजार घोडेस्वार घेऊन निघाला. विंध्य ओलांडून एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला आला. काकावर रुसून नोकरी शोधायला दक्षिणेत चाललोय, अशी आवई त्यानं उठवून दिली होती.

यादवांची मुख्य फौज त्या वेळी युवराजाबरोबर लांब गेली होती. लासूरजवळ कान्हा नावाच्या सरदारानं वाट अडवली. त्याच्या बाजूनं दोन स्त्रियाही त्वेषानं लढल्या, असं इसामी हा इतिहासकार लिहितो. पण अलाउद्दीन पुढं सरकलाच. रामदेवराव किल्ल्यात अडकला. घाईघाईत गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्य नसून मीठ निघालं, ही गोष्ट फरिश्त्यानं तीनशे वर्षांनंतर लिहिली. मीठ खरं असो वा नसो, गाफीलपणा खरा होता. पंचवीस वर्षं चारी दिशांना लढणाऱ्या राजाला उत्तरेत दिल्लीची ताकद किती वाढलीय याचा अंदाज आला नव्हता. गंमत म्हणजे १२७८ च्या एका लेखात त्याला तुर्कांच्या जाचातून पृथ्वी वर काढणारा महावराह म्हटलंय. बिरुदं तयार होती, खंदक तयार नव्हते.

राजानं तह केला. तेवढ्यात युवराज फौज घेऊन परतला आणि वडिलांचा शब्द न मानता लढाईत उतरला. आधी त्याची सरशी होत होती. पण नुसरत खानाची मागं ठेवलेली तुकडी धुरळा उडवत आली, दिल्लीची मोठी फौजच आली असं वाटलं आणि यादवांचं सैन्य फुटलं. मग आधीपेक्षा कितीतरी जबर खंडणी भरावी लागली, शिवाय एलिचपूरचा महसूल दरसाल द्यायचं कबूल करावं लागलं. हा खजिना घेऊन अलाउद्दीन परतला, त्याच वर्षी जुलैमध्ये त्यानं चुलत्याचा खून करवला आणि सुलतान झाला. देवगिरीच्या सोन्यावर दिल्लीचं तख्त विकत घेतलं गेलं.

रायरायान

काही वर्षांनी खंडणी थांबली. १३०८ च्या सुमारास मलिक काफूर मोठी फौज घेऊन आला. इसामी म्हणतो, बंड माझं नाही, मुलाचं आहे, असं रामदेवरावानंच सुलतानाला कळवलं होतं. एकाच घरात दोन पक्ष! वडिलांना राज्य टिकवायचं होतं, मुलाला मान. लढाई झाली, राजा पकडला गेला, दिल्लीला नेला गेला.

तिथं उलटंच घडलं. सुलतानानं त्याला सन्मानानं ठेवलं, रायरायान ही पदवी दिली, छत्र दिलं, लाखभर सोन्याचे टंके दिले, वर नवसारीचा मुलूख दिला आणि परत पाठवलं. अलाउद्दीनचा हिशोब पक्का होता. दक्षिणेत उतरायला त्याला देवगिरी हे ठाणं हवं होतं. पुढं काफूर वरंगळच्या काकतीयांवर गेला तेव्हा रसद देवगिरीनं पुरवली. होयसळांवर गेला तेव्हा वाट दाखवली रामदेवरावाच्या परशुराम या सरदारानं. काकतीय आणि होयसळ हे यादवांचे जुने वैरी होते, ते बुडताना बघून कुणाला बरंही वाटलं असेल. पण शेजारची घरं पडल्यावर आपली भिंतही उघडी पडते.

ताम्रपट काय सांगतो

आता पुरुषोत्तमपुरीला येऊ. सप्टेंबर १३१० चा तो ताम्रपट. काफूरची होयसळांवरची स्वारी तेव्हा तोंडावर आली होती. राजाचा मंत्री पुरुषोत्तम यानं ब्राह्मणांना अग्रहार दिला, त्याचं हे दानपत्र. त्यात आमणदेवावरची मात आहे, भंडारा-वैरागडची मोहीम आहे, थेट वाराणसीपर्यंतचा पराक्रम आहे. नाही ती दिल्ली. खंडणी नाही, कैद नाही, रायरायान ही पदवी नाही. तांब्यावर तो अजूनही कुणाच्या हाताखाली नसलेला चक्रवर्ती आहे.

१३११ च्या सुमारास रामदेवराव गेला. मुलगा शंकरदेवानं दिल्लीशी संबंध तोडले. १३१३ मध्ये काफूरनं त्याला मारलं. मग हरपाळदेव उठला, त्याला मुबारक खिलजीनं हाल हाल करून मारलं. १३१८ पर्यंत देवगिरीचं यादव राज्य संपलं होतं.

रामदेवराव भित्रा की व्यवहारी? नमतं घेऊन त्यानं पंधरा वर्षं मिळवली, त्या काळात गावं नांदली, दानपत्रं निघत राहिली. पण ती पंधरा वर्षं किल्ला, फौज आणि शेजाऱ्यांशी जुळवून घेण्यात गेली नाहीत. ज्यांना सोबत घ्यायचं, त्यांच्याच दारापर्यंत शत्रूला वाट दाखवण्यात गेली. माझ्या मते दोष नमण्यात नव्हता, नमल्यावर काय केलं त्यात होता. तुमचं मत वेगळं असू शकतं, आणि असायलाही हरकत नाही.

धोंड्याच्या महिन्यात पुरुषोत्तमपुरीला गेलात तर देवदर्शन झाल्यावर गावाच्या नावाकडेही जरा लक्ष द्या. सातशे वर्षांपूर्वीच्या एका मंत्र्याचं नाव ते अजून सांभाळून आहे. आणि इतिहासाचं कुठलंही साधन वाचताना, मग तो ताम्रपट असो की आजची एखादी पोस्ट, काय लिहिलंय ते वाचाच. पण काय गाळलंय तेही शोधा.