चित्रकार अँजेलो दा फोन्सेका

आपल्या खेड्यांतील शाळांत एखादा मुलगा असा आढळतो की, गणिताच्या वेळी तो पाटीवर बैल काढीत बसतो. शेजारचा सोबती हसतो, मास्तर रागे भरतात, आणि तो मुलगा तळहाताने ते चित्र पुसून टाकतो. पुष्कळदा तो बैल पाटीवर पुन्हा कधीच येत नाही. आळसाने जितकी माणसे आपल्या देणगीस मुकली असतील, त्यांहून अधिक माणसे चुकण्याच्या व लोकहास्याच्या भयाने मुकली असावीत, असे आम्हांस वाटते. प्रभूच्या दृष्टांतातील ज्या दासाने धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवले, तो चोर नव्हता किंवा उधळ्याही नव्हता. तो भ्याला, एवढेच. म्हणून ज्याने असे भय बाजूस सारून आपली देणगी हाती घेतली, अशा एका पुरुषाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

अँजेलो दा फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यात, मांडवीच्या पात्रातील सांत इस्तेव्ह ह्या बेटावर, एका सुखवस्तू रोमन कॅथलिक घराण्यात झाला. त्या वेळी गोवा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. शालेय शिक्षण पुरे झाल्यावर वैद्यकी शिकण्यासाठी ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. डॉक्टरीच्या धंद्यात मान आहे, द्रव्य आहे आणि परोपकारही आहे. असा मार्ग मधेच सोडून कोणी चित्रे काढू लागला, तर घरात व गावात काय बोलणे होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु फोन्सेकांनी वैद्यकी सोडली व ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले.

तेथे पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण होते. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून व समोर बसविलेल्या माणसावरून हुबेहूब रेखाटन करावयाचे, छायाप्रकाश दाखवावयाचा, तैलरंग वापरावयाचे, असा तो क्रम. ही विद्या थोडी नव्हे. पण फोन्सेकांचे मन तिच्यात रमेना. एक विद्या सोडून दुसरी धरली आणि तीही मनास पटेना, तर आपण कशासही लायक नाही असे माणसास वाटू लागते, आणि पुष्कळ जण येथेच हातपाय गाळतात. फोन्सेकांनी तसे न करिता दूर बंगालची वाट धरिली, आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बसू ह्या गुरूंपाशी ते पुन्हा शिष्य होऊन बसले.

ह्या गुरूंच्या परंपरेत जलरंगाची एक निराळी रीत होती. कागदावर रेखाटन करून पातळ रंगाचा हात द्यावयाचा. तो वाळला म्हणजे कागद पाण्याने धुवावयाचा. वरवरचा रंग वाहून जातो, व कागदात मुरलेला तेवढा राहतो. मग पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असे अनेकदा केल्यावर चित्रास मऊ व गंभीर तेज येते. नवशिक्यास ह्या कामी मोठा धीर लागतो, कारण आपण मन लावून भरलेला रंग आपल्याच हाताने पाण्यात सोडावा लागतो. ज्याला एकही रंग वाया जाऊ द्यावयाचा नाही, त्याला ही विद्या येणे नाही. फोन्सेका ती शिकले, आणि जन्मभर तिचा उपयोग करीत राहिले.

शिक्षण आटोपून १९३० नंतर ते गोव्यास परतले, तेव्हा खरी परीक्षा पुढे आली. त्यांनी प्रभूच्या मातेस आपल्या देशातील स्त्रीच्या रूपाने दाखविले होते. तिला लुगडे नेसविले होते. तिची मुद्रा व वर्ण ही येथलीच होती. गोव्यातील लोकांचे डोळे युरोपातील चित्रांस व मूर्तींस सरावलेले. त्यांना हा पवित्र व्यक्तीचा अवमान वाटला, व फोन्सेकांवर कठोर टीका झाली. परक्याने नाकारले तर माणूस सोसतो; पण आपल्याच मंडळीने, जिच्यासाठी चित्र काढले तिनेच, पाठ फिरविली म्हणजे कुंचला हातात धरवत नाही. ह्या वेळी फोन्सेका लोकांस रुचेल तसे काढू लागले असते, तर त्यांस कोणी दोष दिला नसता. त्यांनी गाव सोडले, परंतु आपली रीत सोडली नाही.

त्यांना आसरा मिळाला तो पुण्यास, ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकांस हे वाचून संतोष होईल की, ह्या संघाचे मूळ आपल्याच जिल्ह्यातले. नगरास काम केलेले इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली येथे तो स्थापिला. आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याविषयी विन्स्लो यांस फार आदर होता, व १९२३ साली त्यांनी टिळकांचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. ख्रिस्ताची भक्ती ह्या देशाच्या रीतीने करावी, ही टिळकांची तळमळ त्या संघातही होती. संघ पुढे पुण्यास गेला, आणि कालांतराने ख्रिस्त प्रेम सेवा संघ ह्या नावाने चालू राहिला. आश्रम अँग्लिकन मंडळीचा व चित्रकार रोमन कॅथलिक. तरी कोणी कोणाची अडवणूक केली नाही. फोन्सेका तेथे अनेक वर्षे राहिले व शेकडो चित्रे काढिली. त्यांत प्रभुजन्म आहे, शेवटले भोजन आहे, आणि माता व बालक तर पुनःपुन्हा आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील विद्वान फादर हेरास यांनीही त्यांस उत्तेजन दिले.

१९५१ साली त्यांचा विवाह झाला. १९६२ ते १९६५ ह्या काळात रोमन मंडळीची मोठी परिषद व्हॅटिकन येथे भरली, आणि प्रत्येक राष्ट्राच्या कलेस उपासनेत मानाचे स्थान असावे, असे तिने मान्य केले. ज्या गोष्टीसाठी फोन्सेकांस तीस वर्षांपूर्वी बोल लागले, तीच आता योग्य ठरली. ही परिषद संपल्यावर दोनच वर्षांनी, १९६७ च्या डिसेंबरात, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. पुढे त्यांच्या पत्नीने त्यांची पुष्कळ चित्रे गोव्यातील पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रास दिली. ज्या गोव्याने त्यांस नाकारले, तेथेच आज ती जतन करून ठेविली आहेत.

वाचकहो, फोन्सेकांस भय वाटलेच नसेल, असे आम्ही म्हणत नाही. ते त्यांच्या अंतःकरणाचे आहे. आम्हांस त्यांची कृती दिसते. दोनदा त्यांनी आरंभ केला व दोनदा वाट बदलली. तिसऱ्याने शिकले तेव्हा आपल्याच लोकांनी झिडकारले, तरी दुसरे दिवशी कागद पुन्हा पाण्यात भिजला.

मोशेच्या काळी निवासमंडप उभारावयाचा होता, तेव्हा देवाने बसालेलास नावाने बोलावून कारागिरीसाठी आपल्या आत्म्याने भरले, हे आपणांस ठाऊक आहे. म्हणजे हाताचे कौशल्य हेही त्याचेच दान. म्हणून उपदेशकबंधूंस व मास्तरांस आमची एवढीच विनंती की, आपल्या मंडळीतील मूल पाटीवर काही काढीत असेल, तर ते पुसण्यापूर्वी क्षणभर पाहावे. येत्या नाताळास मंदिराच्या भिंतीवर गव्हाणीचे चित्र काढण्याचे काम त्यालाच द्यावे. मेंढपाळांच्या खांद्यावर त्याने आपल्याकडची घोंगडी दाखविली, तर दाखवू द्यावी. बैलाचे पाय वाकडे आले तर हसू नये. पुढल्या वर्षी ते सरळ येतील.